झाडावरचे कालोली आणि खालचे व्याही

गेले कित्येक आठवडे मी वर बघत जगतोय. दात घासताना वर, चहा पिताना वर, शेजाऱ्यांशी भांडतानासुद्धा वर. डॉक्टर म्हणाले, "एरिसासाहेब, मान पार आखडलीय तुमची. जरा खाली बघून चालत जा." मी म्हटलं, "डॉक्टर, खाली बघितलं की नेमकं वरून पडतं." त्यांना वाटलं मी काहीतरी आध्यात्मिक बोलतोय. त्यांनी गंभीरपणे मान हलवली आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

अध्यात्म कसलं डोंबलाचं! आमच्या अंगणातल्या मुवुलेच्या झाडावर कालोलींनी संसार मांडलाय. टक्कल पडलेला, गळ्यात पिशवी लोंबणारा, उभा राहिला की माझ्या छातीला लागेल एवढा करकोचा, आणि पोटापाण्याचा धंदा म्हणजे कम्पालाचे उकिरडे उपसणं. देवाने सगळे पक्षी घडवून झाल्यावर उरल्यासुरल्या मालातून हा बनवला असावा, असं आमच्या चर्चचे पाद्रीसुद्धा खासगीत म्हणतात.

हे माझ्या मानगुटीवर बसले कसे? सांगतो. मी राष्ट्रीय वन्यजीव मित्र संस्थेच्या बुकोटो शाखेचा मानद सचिव. मानद म्हणजे काम सगळं आपण करायचं आणि फोटोत अध्यक्षांच्या खांद्यामागून अर्ध्या चेहऱ्याने दिसायचं. संस्थेने घरटं-पालक नावाची योजना काढली. ज्याच्या आवारात मोठं झाड आहे त्याने ते पक्ष्यांना मोकळं ठेवायचं. फांदी तोडायची नाही, घरटं हलवायचं नाही, पिल्लं उडून जाईपर्यंत झाडाला हात लावायचा नाही. बदल्यात संस्था तुमच्या फाटकावर हिरवी पाटी ठोकणार: 'या घरी पक्षी सुरक्षित आहेत.' आता आमच्या कुळाचं देवक क्रौंच. डोक्यावर सोनेरी तुरा, चाल राजाची, देशाच्या झेंड्यावर मधोमध उभा. मला वाटलं, पाटी लागली की एखादं जोडपं येईल, अंगणात नाचेल, आल्यागेल्याला दाखवता येईल. बुकोटोत पहिली पाटी माझ्या फाटकावर लागली, आणि कालोली आले. आधी एक आला. त्याने बायकोला आणलं. बायकोने माहेरचे आणले.

माझी बायको तेझिरा ओसरीवरून म्हणाली, "आलं हो तुमचं देवक! तुरा तेवढा घरी विसरलंय."

तरी मी मिरवत होतो. दुसऱ्याच्या झाडावर नियम चालवायला मिळत होता ना! भिंतीपलीकडे लुडोविकाबाई राहतात. सरकारी दवाखान्यात मेट्रन होत्या, आता निवृत्त, पण आवाज अजून नोकरीतच आहे. त्यांच्या आंब्याच्या एका फांदीवर सुगरणींची घरटी होती आणि फांदी नेमकी कपडे वाळत घालायच्या दोरीवर. त्यांनी करवतवाला बोलावला. मी सचिव या नात्याने फाटकातून आत शिरलो, फांदीखाली हात पसरून उभा राहिलो आणि म्हणालो, "पिल्लं उडेपर्यंत फांदीला हात नाही!" करवतवाला हसत निघून गेला. लुडोविकाबाई हसल्या नाहीत. तेव्हापासून त्यांचे कपडे बैठकीच्या खोलीत वाळतात, आणि त्या भिंतीवरून माझ्याकडे अशा बघतात की इंजेक्शन कुठे द्यायचं तेवढंच ठरायचं बाकी आहे.

अशात एका रविवारी जेवताना आमची किराबो म्हणाली, "बाबा, टिमोथीच्या घरचे यायचं म्हणतायत." किराबो आमची एकुलती एक मुलगी. टिमोथी म्बाराराला गुरांचा डॉक्टर. पोरगा चांगला आहे, आवाज हळू, बूट स्वच्छ. मी म्हटलं, "येऊ देत." माझा घास घशात अडकला होता, पण ते मटोकेमुळे, म्हणजे उकडलेल्या केळ्यांच्या गोळ्यामुळे, असं मी तेझिराला सांगितलं.

यायचं म्हणजे काही चहाला यायचं नव्हे. क्वांजुला, म्हणजे मुलीला मागणी घालायचा सोहळा! मुलाकडचं अख्खं वऱ्हाड मुलीच्या बापाच्या अंगणात येतं, फाटकाबाहेर जोडीजोडीने रांग लावतं, पुरुष सगळे पायघोळ पांढऱ्या कान्झूत. अंगणात मुलाकडचे एका बाजूला, मुलीकडचे समोर, आणि मध्ये दोन्हीकडचे बोलघेवडे वक्ते एकमेकांची खेचत बसतात. पोरीच्या बापाने तोंड उघडायचं नाही असा रिवाज. तारीख ठरवायचा मान आत्याचा, म्हणजे माझी थोरली बहीण केझिया हिचा. तिने कॅलेंडरवर बोट ठेवलं तो शनिवार नेमका कालोलींची पिल्लं ऐन भरात असण्याचा. एकेका घरट्यात दोन-दोन टकली डोकी, दिवसभर खा-खा, आणि खाल्लेलं, न खाल्लेलं सगळं खाली.

मी डोळ्यांसमोर आणलं: पांढरेशुभ्र कान्झू घातलेले व्याही आणि वर आमची वसाहत. मी तडक बहिणीकडे गेलो.

"केझियाताई, एखाद्या हॉटेलच्या बागेत करू या का?"

"मुलगी हॉटेलात जन्मली का रे?"

"तसं नाही, पण झाडावर..."

"झाड तुझं, पाटी तुझी, हौस तुझी. पोरगी बापाच्या अंगणातूनच जाईल. आणि ऐक, त्यांचं कुळ माम्बा माशाचं. अंगणात त्या माशाचं खवलंसुद्धा दिसता कामा नये. त्यांचे योकाना आजोबा जुन्या वळणाचे आहेत. देवकाचा अपमान झाला तर उठून जातील, आणि ते उठले की वऱ्हाड उठलं."

माशाचं मी लगेच कबूल केलं. मासा काय, स्वयंपाकघराच्या दारात केझिया स्वतः उभी राहणार होती. माझी काळजी वरची होती.

मग सुरू झाले सल्ले. आमच्या गल्लीत कुणाला साधा सल्ला विचारा, माणूस हातातलं काम टाकून येतो. कोपऱ्यावर मोटारसायकलवर भाडी मारणारा बोडावाला म्हणाला, रेडिओ मोठ्याने लावा, पक्षी पळतात. मी झाडाखाली रेडिओ लावला. कालोली खाली उतरले आणि रेडिओभोवती मान वाकडी करून उभे राहिले. बातम्या लागल्या की जरा जवळ यायचे. पळाले ते समोरचे भाडेकरू, तेही आमच्या दारात, भांडायला. चर्चमधल्या एका बाईंनी सांगितलं, सुक्या मिरच्यांचा धूर करा. केला. धूर झाडाकडे गेलाच नाही, वाऱ्याने वळला आणि सरळ आमच्या घरात शिरला. तेझिरा, किराबो आणि मी तिघं डोळे पुसत रस्त्यावर उभे होतो, आणि कालोली उतरून आले की आज काय शिजतंय बघायला. मग कुणीतरी म्हणालं, चकाकणाऱ्या तबकड्या लटकवा. मी शिडी लावून लटकवल्या. मोठ्या मादीने त्या एकेक करून काढल्या आणि घरट्यात नेऊन मांडल्या. घरटं आता आमच्या बैठकीपेक्षा सजलेलं दिसतं.

शेवटी वैतागून मी गलोल घेतली. खडा लावला, रबर ताणलं, आणि भिंतीवरून आवाज आला, "सचिवसाहेब! पिल्लं उडेपर्यंत हात नाही ना?"

लुडोविकाबाई हाताची घडी घालून उभ्या होत्या. मी गलोल पाठीमागे घेतली आणि म्हणालो, "मान मोकळी करतोय. डॉक्टरांनी सांगितलंय."

"करा, करा. मी बघतेय," त्या म्हणाल्या. तेव्हापासून त्या खरंच बघत होत्या. खुर्ची आणून ठेवली होती त्यांनी भिंतीपाशी.

वाकड्या वाटेने होईना, तेव्हा मी सरळ वाट धरली, आणि मित्रहो, सरळ वाटेसारखी वाकडी वाट दुसरी नाही. आधी संस्थेच्या कचेरीत गेलो. तिथे प्रॉसी नावाची एक उत्साही मुलगी घरटं-पालक योजना सांभाळते. मी म्हटलं, "प्रॉसी, एका शनिवारपुरती घरटी जरा इकडे तिकडे..." ती म्हणाली, "काका, तुम्ही माझी परीक्षा घेताय! हा नियम सभेत तुम्हीच टेबलावर मूठ आपटून करून घेतला होता." मी म्हटलं, "हो, परीक्षाच." ती म्हणाली, पक्ष्यांना हात लावायचा अधिकार फक्त सरकारच्या वन्यप्राणी खात्याला. खात्यात गेलो. तिथले साहेब म्हणाले, पक्षी आमचे, पण झाड शहराचं, झाडवाल्यांचा होकार आणा. झाडवाल्यांच्या खिडकीवर गेलो. ते म्हणाले, झाड तुमच्या आवारात आहे, म्हणजे तुमचं. पण फाटकावर पाटी आहे म्हणजे संस्थेचं. संस्थेचं पत्र आणा. मी पुन्हा प्रॉसीकडे. ती टेबलावरून उठून उभी राहिली. डोळे भरून आले होते तिचे. "काका, या घरट्यांसाठी इतक्या चकरा मारणारा पालक मी दुसरा बघितला नाही. पुढच्या शनिवारी तुम्ही घरीच असाल ना?"

मी कपाळाला हात लावून म्हटलं, "असणारच. त्या शनिवारी काय होईल ते देवच जाणे."

"सगळं छान होईल," ती म्हणाली, आणि डायरीत काहीतरी टिपून घेतलं. मी इतका बेचैन होतो की विचारायचं राहिलं. तिथेच घात झाला.

मांडववाला आला, त्याने वर बघितलं आणि गाडीतून उतरलाच नाही. "साहेब, माझं कापड नवीन आहे. झाडाखाली मी मांडव देणार नाही. पलीकडे भिंतीच्या बाजूला एक देतो." एकच मांडव! केझियाने लगेच तोड काढली. मांडव वऱ्हाडाला, आणि आपली माणसं झाडाखाली, छत्र्या घेऊन. पडायचं ते आपल्यावर पडू दे. मला हे पटलं. आपल्या घरातली घाण आपल्या अंगावर, यात लाज कसली?

तो शनिवार उजाडला. ऊन लख्ख, आभाळात ढग नाही, आणि आमच्याकडचे सगळे नातेवाईक नटूनथटून झाडाखाली छत्र्या उघडून बसलेले. लुडोविकाबाईंनाही बोलावलं होतं. शेजारणीला वगळून क्वांजुला होत नाही. त्या पहिल्याच रांगेत, सगळ्यांत मोठी काळी छत्री घेऊन. आमच्या बाजूने बोलायला सालोंगो होते. जुळ्यांचा बाप, म्हणून सालोंगो, जिभेवर तीळ. तासभर थांबले नाहीत तरी दम लागत नाही असा माणूस. मी मधल्या खुर्चीत, कान्झूवर कोट, ओठ मिटून.

फाटकाबाहेर गाड्या थांबल्या. माणसं उतरली आणि जोडीजोडीने उभी राहिली. सगळ्यांच्या अंगात हिरवे टी-शर्ट. पुढे आमच्या संस्थेचे अध्यक्ष डॉक्टर ओगवांग, त्यांच्या हातात कापडाने झाकलेली ढाल, आणि मागे आनंदाने उड्या मारायच्या बेतात असलेली प्रॉसी. मी खुर्चीतून अर्धा उठलो. केझियाने माझा कोट ओढून मला खाली बसवलं. "बापाने उठायचं नाही!"

"अगं ताई, ते..."

"बापाने बोलायचं नाही!"

आता क्वांजुलाची गंमत अशी की आलेल्या माणसाला 'का आलात' हे कुणी सरळ विचारत नाही, आणि तोही सरळ सांगत नाही. सालोंगोंचं सगळं आयुष्य या आडवळणात गेलेलं. ते फाटकाशी गेले. "काय पाहुणे, रस्ता चुकलात वाटतं?"

"छे, छे," डॉक्टर ओगवांग म्हणाले. ते सोरोटीकडचे, त्यांना हे आडवळण कुठलं ठाऊक! "पाटी दिसतेय की फाटकावर."

"कुणाच्या ओळखीने आलात?"

"या प्रॉसीच्या."

"पण कपडे हिरवे?"

"आमचे हेच असतात."

सालोंगो आमच्याकडे वळून म्हणाले, "हल्लीची वऱ्हाडं! मागच्या खेपेला एक जीन्स घालून आलं होतं." आणि त्यांनी सगळ्या संस्थेला सन्मानाने मांडवात नेऊन बसवलं. आमच्याकडच्या पोरींनी गुडघे टेकून त्यांना रस दिला. डॉक्टर ओगवांग इतके सद्गदित झाले की शेजारच्याला म्हणाले, "ढाल द्यायला आलेल्या माणसाचा एवढा मान मी कुठे पाहिला नाही!"

मी डोळ्यांनी तेझिराला खुणावत होतो. तिला वाटलं मला उचकी लागलीय. तिने पाणी पाठवलं.

आणि मग खरं वऱ्हाड आलं. पांढरेशुभ्र कान्झू, बायकांचे झळझळीत गोमेसी झगे, टोपल्या, कोंबडा, आणि सर्वांत पुढे काठी टेकत योकाना आजोबा. सालोंगोंच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. पण गुडघे टेकून रस पाजलेल्या पाहुण्याला 'उठा' म्हणायचं तरी कसं? तसं कुणी आमच्यात अजून केलेलं नाही, आणि सालोंगो ते पहिले होणार नव्हते. त्यांनी केझियाकडे बघितलं. केझियाने झाडाकडे बघितलं. आमची माणसं मुकाट्याने उठून स्वयंपाकघराच्या ओसरीवर गेली, आणि आमचे व्याही त्या झाडाखालच्या खुर्च्यांवर बसले. आम्ही छत्र्या पुढे केल्या. योकाना आजोबांनी वर बघितलं, आभाळ निळंभोर. "पाऊस कुठे आहे?" त्यांनी विचारलं आणि छत्री परत केली.

आजोबांनी नको म्हटल्यावर बाकीचेही नको म्हणाले.

वक्त्यांची खडाजंगी सुरू झाली. वऱ्हाडाचा वक्ता विनोद करत होता, लोक हसत होते, मी फक्त वर बघत होतो. मोठी मादी बाजाराच्या बाजूने परत येत होती. चोचीत काहीतरी लांबट, काळपट. मी मनात म्हणत होतो, गीळ बाई, गीळ. ती घरट्याच्या कडेला टेकली. दोन्ही पिल्लांनी एकदम झडप घातली. ओढाताण झाली, आणि ते जे काही होतं ते घरंगळत, फांदीवर आपटत, नेमकं योकाना आजोबांच्या मांडीवर पडलं.

माम्बाचं डोकं होतं. कल्ले, डोळे, सगळं.

आजोबांनी दोन्ही हात वर घेतले; देवकाला ते हात लावू शकत नव्हते, आणि मेलेलं देवक त्यांच्या पांढऱ्या कान्झूवर आमच्याकडे बघत होतं. वऱ्हाडातला एक काका उठून ओरडला, "हा अपमान आहे! आमचं देवक आमच्यावर फेकलंय यांनी!" दुसरा म्हणाला, "अपशकुन! चला, उठा!" खुर्च्या सरकायला लागल्या. केझिया स्वयंपाकघराच्या दारात दगड होऊन उभी. मी खिडकीकडे बघितलं. पडद्याआड किराबो होती, अजून बाहेर आणायची वेळ झाली नव्हती तिची. तिचा हात तोंडावर होता.

तो हात बघितला आणि माझ्याने राहवेना. रिवाज गेला खड्ड्यात! मी उठलो, तरातरा अंगण ओलांडलं आणि आजोबांच्या मांडीवरचं ते डोकं दोन्ही हातांनी उचललं. आमचं देवक क्रौंच, मला मासा चालतो. पण उचलल्यावर ठेवायचं कुठे हे सुचेना. मी ते हातात घेऊन तसाच उभा राहिलो.

"हे वरचे पक्षी कुणाचे?" योकाना आजोबांनी विचारलं.

"माझे," मी म्हणालो. आवाज माझाच होता, पण ओळखू आला नाही.

"आजच्या दिवशी तरी हाकलायचे होते."

बोललो तर खोटं, न बोललो तर लाज. मी ते डोकं या हातातून त्या हातात घेतलं. आजोबा काठी आपटून म्हणाले, "शेजारी कोण आहे याचा? पोरगी घ्यायची तर शेजाऱ्याला विचारावं असं माझा बाप सांगायचा."

ओसरीवर काळी छत्री मिटली. लुडोविकाबाई उठल्या. मेलो, मी मनात म्हटलं. मिरच्या, गलोल, सगळं आता अंगणात निघणार. त्या सावकाश पुढे आल्या, आजोबांसमोर गुडघे टेकले आणि त्यांच्या त्या मेट्रनच्या आवाजात बोलायला लागल्या.

"मी शेजारीण. रोज बघतेय. या माणसाने या पक्ष्यांसाठी काय नाही केलं? सकाळ-संध्याकाळ त्यांना रेडिओ लावून द्यायचा. बातम्यासुद्धा ऐकवायचा. संध्याकाळी गारठा असतो म्हणून झाडाखाली शेकोटी. घरात मसाला राहिला नाही, सगळा शेकोटीत गेला. शिडीवर चढून स्वतःच्या हाताने घरटं सजवलं. म्हातारपणी! आणि मान मोडेपर्यंत तासन्‌तास वर बघत बसायचा, पिल्लं पडतील म्हणून."

चेहऱ्यावरची रेषा हलली नाही बाईंच्या. मांडवातून डॉक्टर ओगवांग म्हणाले, "सत्य आहे! आम्ही त्यासाठीच ढाल आणलीय!" आणि प्रॉसी हुंदके देऊन रडायला लागली. वऱ्हाडाला आत्ता पहिल्यांदा कळलं की मांडवात कोणीतरी वेगळेच बसलेत.

योकाना आजोबा वर बघत राहिले. झाडावरून ती मादी खाली बघत होती. दोघांच्याही डोक्यावर केस नव्हते.

"असल्या थोबाडाच्या भाडेकरूला ज्याने घराबाहेर काढलं नाही," आजोबा म्हणाले, "तो आमच्या टिमोथीला काय काढणार? बसा रे सगळे! आणि आमचं देवक आमच्या आधी येऊन बोलणी करून बसलंय. आता मी नाही म्हणणारा कोण?"

आधी वऱ्हाडाचा वक्ता हसला, मग सालोंगो, मग सगळं अंगण. त्या ओरडणाऱ्या काकांनीच आजोबांना दुसरा कान्झू आणून दिला, आणि या खेपेला छत्रीही उघडली. आत्याने किराबोला बाहेर आणलं, टिमोथीने कोंबडा दिला, संस्थेने ढाल दिली. ढाल आणि कोंबडा दोन्ही हातात घेतलेला माझा फोटो आहे. पूर्ण चेहरा आलाय.

गडबडीत मी लुडोविकाबाईंना गाठलं. "बाई, तुमचे उपकार..."

"तुझ्यासाठी नाही केलं," त्या म्हणाल्या. "ही पोरगी माझ्या हातात जन्मलीय. पहिल्यांदा रडली ती मला बघून. तिला आज रडताना बघायचं नव्हतं. हात धू आधी, माशाचा वास येतोय."

लग्न पुढच्या शनिवारी म्बाराराच्या चर्चमध्ये होतं आणि केझियाने ठरवलं होतं की किराबो आत्यासोबत त्याच संध्याकाळी वऱ्हाडाच्या गाडीने निघेल. मला हे ठाऊक होतं. केझियाने सांगितलं तेव्हा मी 'हं' म्हटलं होतं. पण ती बॅग घेऊन पायरीवर आली तेव्हा मला वाटलं, अरे, आज? इतके आठवडे मी फक्त कान्झूंची काळजी करत होतो. ती जाणार ही काळजी करायला मला सवडच झाली नव्हती.

तिने माझ्यापुढे गुडघे टेकले. "बाबा, काहीतरी बोला की."

आयुष्यभर सभांमध्ये बोलणारा माणूस मी. मी छत्री उघडली, तिच्या डोक्यावर धरली आणि तिला गाडीपर्यंत सोडायला गेलो. वरून काही पडलं नाही. गाडीचं दार लागेपर्यंत मी छत्री धरून उभा होतो. "बाबा, अहो भिजताय तुम्ही," ती काचेतून म्हणाली, तेव्हा मला कळलं की माझा सगळा चेहरा ओला आहे.

गाड्या गेल्या. अंगणात रिकाम्या खुर्च्या, केळीची पानं, उष्टी ताटं. ज्यांनी जावं म्हणून मी जिवाचं रान केलं ते सगळे झाडावर बसले होते. जिने जावं असं मी एकदाही म्हटलं नव्हतं, ती गेली होती. मी पायरीवर बसलो.

पंख फडफडवत मोठी मादी खाली उतरली, सरळ जेवणाच्या टेबलापाशी गेली आणि तिने आम्हा दोघांसाठी झाकून ठेवलेल्या बकऱ्याच्या तंगडीवरचं पान बाजूला केलं.

"अहो!" तेझिरा आतून ओरडली. तिचाही आवाज घोगरा झाला होता. "ती बया आपलं जेवण खातेय! हाकला ना तिला!"

"राहू दे," मी म्हणालो.

"राहू दे काय? आपण काय खायचं?"

"राहू दे गं, तेझिरा," मी म्हणालो. "घरात कुणीतरी जेवतंय."